पदवीनंतरची वर्षे आणि व्यवसायाचा निर्णय



विद्यापीठाच्या पदवी परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी एकच प्रश्न विचारला जातो : आता पुढे काय? प्रश्न जुनाच आहे. बदलले आहे ते उत्तर. एके काळी बी.ए. झालेला मुलगा बी.एड. करून शाळेत रुजू होई, बी.कॉम. झालेला साखर कारखान्यात किंवा जिल्हा मध्यवर्ती बँकेत लागे, आणि ज्याला यांपैकी काहीच साधत नसे तो शेतीकडे वळे. आज मराठवाड्यात, विदर्भात किंवा सोलापूर-सांगलीकडे एखाद्या पदवीधराला हा प्रश्न विचारला, तर पुष्कळदा एकच उत्तर मिळते : 'आयोगाचा अभ्यास चालू आहे.'

या उत्तरामागे केवढे आयुष्य उभे असते याची कल्पना पुण्याच्या सदाशिव पेठेत, नवी पेठेत किंवा शास्त्री रस्त्यावर सकाळी फेरफटका मारल्यास येते. इमारतींच्या तळमजल्यांवर आणि वरच्या मजल्यांवर अभ्यासिका आहेत. फळ्यांनी वेगळ्या केलेल्या जागेत प्रत्येकी एक खुर्ची, एक दिवा आणि समोर चिकटविलेले वेळापत्रक. राहावयास 'कॉट बेसिस'वरची खोली, जेवावयास मेस, आणि दुपारी चहाच्या टपरीवर चालू घडामोडींची उजळणी. घरून येणारे पैसे कोणाच्या सोयाबीनचे, कोणाच्या दुधाचे, तर कोणाच्या आईच्या शिलाईचे असतात. येथे येणारा तरुण बहुधा एकवीस-बावीस वर्षांचा असतो. परत जाताना तो किती वर्षांचा असेल हे मात्र त्याने ठरविलेले नसते, आणि आजच्या विवेचनाचा विषय नेमका हाच आहे.

स्पर्धा परीक्षा द्यावयाच्या नाहीत असे सुचविण्याचा येथे हेतू नाही. शासकीय सेवेत सर्व थरांतील आणि सर्व भागांतील तरुण यावेत, यासाठी राज्याने जाणीवपूर्वक प्रयत्न केले आहेत. मुंबईची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६ पासून उमेदवारांना मार्गदर्शन करीत आली आहे. पुढे बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांनी विद्यावेतनासह प्रशिक्षणाच्या योजना राबविल्या. ज्या घरात कोणी तहसील कार्यालयाची पायरी आत्मविश्वासाने चढले नव्हते, त्या घरातील मुलगी उपजिल्हाधिकारी होते, तेव्हा त्या यशाचे मोल पगाराच्या आकड्यात मोजता येत नाही. प्रश्न यशस्वी उमेदवारांचा नाही. प्रश्न त्यांच्याबरोबर त्याच अभ्यासिकेत बसलेल्या, तितक्याच कष्टाळू अशा इतरांचा आहे.

त्यांची संख्या किती, हे समजण्यासाठी एका वर्षाचे आकडे पुरेसे आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या नागरी सेवा परीक्षेसाठी देशभरातून ११,३५,६९७ अर्ज आले. त्यांपैकी ५,७३,७३५ उमेदवार पूर्वपरीक्षेस प्रत्यक्ष बसले. मुख्य परीक्षेस १३,०९० पात्र ठरले, मुलाखतीपर्यंत २,५२९ पोहोचले आणि अखेरीस ९३३ जणांची शिफारस झाली. म्हणजे परीक्षेस बसलेल्या सुमारे ६१५ जणांमागे एकाची निवड. अर्थात प्रत्येक उमेदवाराची संधी ६१५ मध्ये एक इतकीच असते असा याचा अर्थ नव्हे. तयारी न करता केवळ नाव नोंदविणारेही या संख्येत असतात. परंतु मुलाखतीपर्यंत गेलेल्या २,५२९ जणांबद्दल असे म्हणता येणार नाही. देशातील सर्वाधिक तयारीच्या उमेदवारांत ज्यांची गणना करावी, त्यांतील १,५९६ जण रिकाम्या हाताने घरी परतले. राज्यातील चित्र याहून फार निराळे नाही. २०२३ मधील तलाठी भरतीत ४,६४४ पदांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते.

या आकड्यांना वेळेची जोड दिली म्हणजे प्रश्नाची खोली कळते. केंद्रीय परीक्षेस खुल्या प्रवर्गातील उमेदवाराला वयाच्या बत्तिसाव्या वर्षापर्यंत सहा संधी मिळतात. इतर मागास वर्गासाठी मर्यादा पस्तीस वर्षे व नऊ संधी अशी आहे. अनुसूचित जाती-जमातींना सदतीस वर्षांपर्यंत संधींची मर्यादा नाही. राज्य शासनाने २०१६ मध्ये शासकीय सेवाप्रवेशाची कमाल वयोमर्यादा खुल्या प्रवर्गासाठी तेहतीसवरून अडतीस व मागासवर्गीयांसाठी त्रेचाळीस केली. उशिरा शिक्षण सुरू झालेल्यांना, नोकरी करून शिकणाऱ्यांना या वाढीचा मोठा दिलासा मिळाला. पण तिची दुसरी बाजूही आहे. दार जितका वेळ उघडे राहते, तितका वेळ त्याच्यासमोर उभे राहण्याचा मोह होतो. पदवीनंतरची सोळा-सतरा वर्षे एकाच दारापुढे घालविण्यास नियमांची आडकाठी उरत नाही. आडकाठी घालावयाची झाली तर ती उमेदवाराने स्वतःच घालावी लागते.

शिवाय परीक्षेचे वेळापत्रक उमेदवाराच्या हाती नसते. राज्यसेवा पूर्वपरीक्षा ५ एप्रिल २०२० रोजी व्हावयाची होती. साथीच्या काळात ती पुन्हा पुन्हा पुढे ढकलली गेली. १४ मार्च २०२१ ही तारीख अवघ्या तीन दिवसांवर आली असताना ती पुन्हा लांबणीवर पडली, तेव्हा पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले, आणि शेवटी परीक्षा २१ मार्चला झाली. २०२४ मध्येही एकाच दिवशी दोन परीक्षा आल्याचा प्रश्न उभा राहून २५ ऑगस्टची पूर्वपरीक्षा लांबली व ती १ डिसेंबरला झाली. मुख्य परीक्षेचे स्वरूपही बदलत आले. २०१२ पासून ती वस्तुनिष्ठ पद्धतीची होती. २०२२ मध्ये ती पुन्हा वर्णनात्मक करण्याचे जाहीर झाले, आणि विद्यार्थ्यांच्या मागणीवरून या बदलाची अंमलबजावणी २०२५ वर नेण्यात आली. दहा वर्षे पर्यायांपुढे वर्तुळे काळी करण्याचा सराव असलेल्या उमेदवारास तीन-तीन तास सलग लेखन करावयाचे म्हणजे हाताची आणि विचारांचीही सवय नव्याने लावावी लागते. ज्यांनी ती चटकन लावली त्यांचा निभाव लागला. बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्याचा गुण परीक्षेच्या आतदेखील लागतो, एवढे यावरून दिसून येते.

या गुणाला मानसशास्त्रज्ञांनी शास्त्रीय अभ्यासाचा विषय केले आहे, आणि त्याचा इतिहास उद्बोधक आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेतील बॉस्टन शहरात फ्रँक पार्सन्स यांनी तरुणांसाठी व्यवसाय मार्गदर्शनाचे केंद्र काढले. १९०९ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथातील कल्पना सरळ होती : स्वतःला ओळखा, कामांची माहिती मिळवा, आणि दोहोंची सांगड घाला. आपल्याकडील व्यवसाय मार्गदर्शनाचाही पाया बव्हंशी हाच राहिला. शालान्त परीक्षेच्या वेळी मुलाची अभिक्षमता चाचणी घ्यावयाची, कल पाहावयाचा आणि शाखा सुचवावयाची. या पद्धतीत एक गृहीत दडलेले असते. माणूस एकदाच निवडतो, आणि निवडलेले काम त्याच्यासाठी तेथे थांबून राहते, असे ते गृहीत.

डोनाल्ड सुपर यांनी व्यवसायाची निवड हा आयुष्यभर चालणारा विकास आहे असे मांडले. त्याच परंपरेतील मार्क सॅव्हिकस यांनी १९९७ मध्ये असा विचार पुढे केला की, योग्य वयात योग्य निर्णय घेण्याच्या 'परिपक्वते'पेक्षा बदलाला सामोरे जाण्याची 'जुळवणूक-क्षमता' अधिक महत्त्वाची मानावी. पुढे एरिक पोर्फेली यांच्यासह अनेक देशांतील संशोधकांनी मिळून तयार केलेली चोवीस विधानांची मोजपट्टी २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात या क्षमतेची चार अंगे धरली आहेत. पुढील काळाचे भान, निर्णयावरचा स्वतःचा ताबा, इतर शक्यतांविषयीचे कुतूहल, आणि आपण हे निभावून नेऊ असा विश्वास.

ही परिभाषा परकी वाटण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील कोरडवाहू शेतकरी हा विषय पिढ्यान्‌पिढ्या जाणतो. पाऊस वेळेवर आला तर मूग-उडीद. जुलैचा पंधरवडा उलटूनही पेरणीयोग्य पाऊस झाला नाही तर त्यांचा नाद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल. कृषी विभाग आणि कृषी विद्यापीठे यालाच आपत्कालीन पीक नियोजन म्हणतात, आणि ते पाऊस लांबण्यापूर्वीच कागदावर तयार असते. जमीन तीच, औत तेच, मेहनत तीच. बियाणे फक्त बदलते. मूग पेरला नाही म्हणून त्या शेतकऱ्याला कोणी हरलेला म्हणत नाही. त्याच शेतकऱ्याचा पदवीधर मुलगा तिसऱ्या प्रयत्नानंतर दुसऱ्या कामाकडे वळला, तर मात्र गाव त्याच्याकडे निराळ्या नजरेने पाहते.

सॅव्हिकस यांनी सांगितलेल्या चार अंगांपैकी आपल्या पदवीधरांत पहिले आणि चौथे बहुधा विपुल असते. भविष्याचे भान नसते तर ते पेठेत आलेच नसते; विश्वासाचीही वाण नसते, उलट तो कधीकधी गरजेपेक्षा अधिक असतो. उणीव असते ती दुसऱ्या आणि तिसऱ्या अंगाची.

ताबा म्हणजे काय, हे एका उदाहरणाने पाहता येईल. बावीस वर्षांचा एखादा पदवीधर परीक्षेच्या तयारीस लागतो. पहिल्या प्रयत्नात पूर्वपरीक्षेची गुणमर्यादा चार गुणांनी हुकते. दुसऱ्यात ती साधते, मुख्य परीक्षा जाते. तिसऱ्यात पुन्हा पूर्वपरीक्षाच जाते. प्रत्येक वेळी तो 'आता एकदाच' असे म्हणतो, आणि प्रत्येक वेळी हे म्हणणे अगदी वाजवी असते, कारण मागे घातलेली वर्षे वाया जाऊ नयेत असे कोणालाही वाटते. अठ्ठाविसाव्या वर्षी तो मागे वळून पाहतो तेव्हा लक्षात येते की, सहा वर्षांचा निर्णय त्याने कधी घेतलाच नव्हता. एकेका वर्षाचे सहा निर्णय घेतले गेले होते, आणि त्यांतील पाच परिस्थितीने घेतले होते. विहीर खणणारा शेतकरी शेजारच्या विहिरींचे पाणी किती फुटांवर लागले याची चौकशी करतो, आणि किती खोल जावयाचे व किती खर्च करावयाचा याचा अंदाज पहिली कुदळ मारण्यापूर्वी बांधतो. साठ फुटांवर उभा राहून हा हिशेब नीट होत नाही. तेव्हा थांबण्याची तारीख अभ्यास सुरू करण्याच्या दिवशीच, घरच्या माणसांसमक्ष ठरवावी, हे उत्तम. ती तारीख पुढे बदलू नये असे नाही. मुख्य परीक्षेपर्यंत मजल गेली असेल तर एक वर्ष वाढविणे समंजसपणाचे ठरेल. परंतु वाढवितानादेखील कारण सांगावे लागेल, आणि कारण सांगावे लागणे यालाच ताबा म्हणतात.

कुतूहलाची उणीव याहून अधिक चिंतेची आहे. अभ्यासिकेत पाच वर्षे काढलेल्या तरुणाला पंचायत राज्यव्यवस्था, अंदाजपत्रक, जमीन महसूल, राज्यघटना यांची जी माहिती असते ती अनेक पदव्युत्तर विद्यार्थ्यांना नसते. पण हे ज्ञान परीक्षेबाहेर कोठे चालते, हे त्याने पाहिलेले नसते. शासन निर्णय वाचून त्याचा नेमका अर्थ लावणारा माणूस ग्रामपंचायतीला हवा असतो, शेतकरी उत्पादक कंपनीला हवा असतो, सहकारी पतसंस्थेला हवा असतो. ग्रामपंचायत विकास आराखडा तयार करताना आकडे आणि मुद्दे मांडू शकणारा माणूस मिळत नाही म्हणून सरपंच बाहेरच्यांवर अवलंबून राहतात. तो माणूस त्याच गावचा असून शहरात एका दिव्याखाली बसलेला असतो. तीन वर्षांच्या विधी पदवीसाठी लागणाऱ्या वाचनाचा मोठा भाग त्याने केलेला असतो. विमा, बँका, वृत्तपत्रे, शिकवणी, सामाजिक संस्था या क्षेत्रांत त्याच्या वाचनाला आणि चिकाटीला किंमत आहे. फक्त या प्रत्येक कामाला आणखी एखादे लहानसे कौशल्य लागते, आणि ते परीक्षेच्या तयारीबरोबरच मिळवावे लागते. साधी गोष्ट घ्या. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी टंकलेखनाचा मिनिटाला तीस शब्दांचा किंवा इंग्रजीचा चाळीस शब्दांचा वेग लागतो. रोज एक तास दिला तर काही महिन्यांत हे प्रमाणपत्र हाती येऊ शकते. तरीही मोठी पदे डोळ्यांपुढे असणारे उमेदवार ते वर्षानुवर्षे टाळतात, जणू ते घेणे म्हणजे मोठ्या पदाशी प्रतारणा!

वाट बदलून मोठे झालेल्यांची उदाहरणे शोधण्यास परदेशी जाण्याची गरज नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे चित्रकार व्हावयास म्हणून मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत गेले होते. रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांचा दोष आढळला आणि चित्रकला सोडणे भाग पडले. त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. ते यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. तेथे अपेक्षित बढती मिळाली नाही, तेव्हा नोकरी सोडून बंधू रामुअण्णांबरोबर बेळगावात सायकलींच्या धंद्यात उतरले. त्यातून कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर आले. लोखंडाने जमिनीला विषबाधा होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्याने नांगर आरंभी खपेनात. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, आणि औंधच्या पंतप्रतिनिधींच्या साहाय्याने १९१० मध्ये कुंडल रोडच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. डोळ्यांचा दोष, हुकलेली बढती, न खपणारा माल, गेलेली जागा. एवढ्या चारही प्रसंगी त्यांनी हातातील कौशल्य टाकले नाही. ते कोठे वापरावयाचे एवढेच बदलले. जिद्द आणि हट्ट यांतील फरक समजावून सांगताना शिक्षकांना हे उदाहरण उपयोगी पडेल.

याच नांगरांचा प्रचार व विक्री करीत सातारा भागातील खेडी ज्यांनी पालथी घातली त्यांत कर्मवीर भाऊराव पाटील होते. विक्रेता म्हणून हिंडताना शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणाची दुरवस्था त्यांनी जवळून पाहिली, आणि १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू झाले तेव्हा 'कमवा आणि शिका' हे तत्त्व महाविद्यालयीन शिक्षणात आले. या योजनेकडे आजवर बहुधा गरीब विद्यार्थ्याच्या खर्चाची तरतूद म्हणून पाहिले गेले. तिचा दुसरा उपयोग तितकाच मोठा आहे. ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत, प्रयोगशाळेत काही तास काम केलेला विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडतो तेव्हा आपल्याला काय जमते आणि कशाचा कंटाळा येतो हे त्याला अनुभवाने ठाऊक झालेले असते. कोणत्याही चाचणीपेक्षा हे ज्ञान अधिक खात्रीचे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या नव्या अभ्यासक्रमांत क्षेत्रप्रकल्प, समुदायसहभाग आणि प्रत्यक्ष कार्यप्रशिक्षण यांना श्रेयांक देण्यात आले आहेत. तरतूद चांगली आहे. ती कागदी प्रमाणपत्रापुरती उरणार की विद्यार्थ्याला खरोखर एखाद्या कचेरीत, कारखान्यात किंवा शेतावर नेणार, हे प्राध्यापकांच्या हाती आहे. २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांसाठी दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन ठरविण्यात आले आणि हजारो तरुणांनी कार्यालयांतून व आस्थापनांतून काम पाहिले. पुष्कळांनी हे प्रशिक्षण म्हणजे कायम नोकरीचे आश्वासन मानले आणि मुदत संपल्यावर त्यांची निराशा झाली. प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यांनी पहिल्याच दिवशी दोन गोष्टी स्पष्ट केल्या असत्या, येथे काय शिकावयास मिळेल आणि काय मिळणार नाही, तर ही निराशा बरीच कमी झाली असती.

मुलींच्या बाबतीत हा सगळा हिशेब निराळा आहे, आणि त्याची चर्चा फारशी होत नाही. मुलाला वयोमर्यादेपर्यंत मुभा मिळते. मुलीला बहुधा 'दोन वर्षे' मिळतात. ती दोन वर्षे परीक्षेच्या सोयीने ठरलेली नसतात, स्थळांच्या सोयीने ठरलेली असतात. त्यामुळे थांबण्याची तारीख तिच्यापुढे असते, पण ती तिने ठरविलेली नसते. ताबा या शब्दाचा अर्थ तिच्यासाठी वेगळा होतो. काही मुली या कोंडीतून विलक्षण शहाणपणाने वाट काढतात. त्या पहिल्याच वर्षी लिपिक, कर सहायक, पोलीस उपनिरीक्षक अशा सर्व परीक्षांचे अर्ज भरतात, हाती लागेल ते पद स्वीकारतात, आणि पगार सुरू झाल्यावर, घरातील आवाज बदलल्यावर, वरच्या परीक्षेचा अभ्यास पुढे चालू ठेवतात. पुरुष उमेदवारांनी त्यांच्याकडून हे शिकण्यासारखे आहे. पालकांनी मुलीला दोन वर्षे देताना ती कोठून कोठपर्यंत आणि कोणत्या परीक्षांसाठी, हे तिच्याशी बसून ठरविले, तर निदान ती वर्षे तरी तिची होतील.

अपयशी उमेदवारांच्या बाबतीत केंद्रीय लोकसेवा आयोगाने एक विचारपूर्वक पाऊल उचलले आहे. अंतिम टप्प्यापर्यंत पोहोचूनही निवड न झालेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देण्याची योजना २०१८ मध्ये सुरू झाली, आणि २०२५ मध्ये 'प्रतिभा सेतू' या नावाने ती नव्या स्वरूपात पुढे आली. निवडयादीच्या पलीकडेही गुणवत्ता असते हे निवड करणाऱ्या आयोगानेच मान्य केले, ही गोष्ट लहान नाही. परंतु ही सोय शेवटच्या टप्प्यावरील मोजक्यांसाठी आहे. पूर्वपरीक्षेतून परतणाऱ्या लाखोंचा सेतू त्यांच्या महाविद्यालयाने आणि गावानेच बांधावा लागेल. या परीक्षांत शिरण्यासाठी मार्गदर्शन, विद्यावेतन, अभ्यासिका सर्व काही मिळते. त्यांतून सन्मानाने बाहेर पडण्यासाठी मात्र कोणतीही व्यवस्था नाही, ही उणीव कबूल केली पाहिजे.

महाविद्यालयांत ती भरून काढण्याचे काम पदवीच्या दुसऱ्या वर्षापासूनच सुरू होऊ शकते. त्यासाठी मोठ्या शिबिराची किंवा नामवंत वक्त्याची गरज नाही. यशस्वी अधिकाऱ्याचे व्याख्यान सर्वत्र होते. त्याबरोबर परीक्षा सोडून दुसऱ्या कामात स्थिरावलेल्या माजी विद्यार्थ्यालाही बोलवावे, आणि त्याला सोडण्याचा निर्णय कसा घेतला, त्या वर्षी घरी काय बोलणे झाले, पहिला पगार किती होता हे विचारावे. विद्यार्थी ही माहिती कान देऊन ऐकतात, कारण ती त्यांना दुसरीकडे कोठेही मिळत नाही. मुक्त विद्यापीठातून पदवी घेत अभ्यासिकेत बसणारे विद्यार्थी तर वर्गातील या संवादालाही मुकतात. त्यांच्यासाठी अभ्यासकेंद्रांनी संपर्कसत्रांतील एखादा तास राखून ठेवावा.

गावाकडे पाहावे तर निकालाच्या दिवशी मिरवणूक, गुलाल, फलक आणि सत्कार हे सर्व होते. होऊ नये असे कोण म्हणेल? पण त्याच चौकात उरलेला पदवीधर उभा असतो. 'काय झाले रे तुझ्या परीक्षेचे?' हा प्रश्न तो गेली चार वर्षे ऐकत असतो, आणि तो टाळण्यासाठी पुष्कळदा दिवाळीलाही गावी येत नाही. घरच्यांना निकाल खोटा सांगणारे, लागलेली खाजगी नोकरी लपवून 'अभ्यास चालू आहे' असे सांगणारे तरुण आहेत. ज्या समाजात नोकरी लपवावी लागते, तेथे एकट्या तरुणाने जुळवणूक-क्षमता दाखवावी ही अपेक्षा अन्यायाची ठरते.

अनेक ग्रामपंचायतींनी अभ्यासिका बांधल्या आहेत. तेथे मासिके, संदर्भग्रंथ, मोठ्या अधिकाऱ्यांची छायाचित्रे असतात. तेथेच एक वही ठेवता येईल. गेल्या दहा-पंधरा वर्षांत गावातून पदवी घेतलेल्या मुलामुलींपैकी ज्यांची हरकत नसेल त्यांची नावे तीत असावीत. कोण कोठे, कोणते काम करते, त्या कामासाठी नंतर कोणते शिक्षण घ्यावे लागले, आणि गावातील विद्यार्थ्यांशी बोलावयास त्यांची तयारी आहे काय, एवढी नोंद पुरे. तीत तहसीलदार असेल तसा औषधांचा प्रतिनिधीही असेल, रोपवाटिका चालविणारी बी.एस्सी. झालेली सूनही असेल. ग्रामपंचायत अधिकारी, मुख्याध्यापक आणि गावातील एखादे सेवानिवृत्त शिक्षक यांनी एक दुपार दिली तर ही वही तयार होईल, आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ती वाचून दाखविता येईल.